नंदाने सोडलेली चव

कोलोनमध्ये एसरबाईंच्या चीजच्या दुकानात नंदा गेली पंधरा वर्षं काउंटरवर उभी आहे, आणि या पंधरा वर्षांत तिनं चीजचा एक कणही तोंडात घातलेला नाही. ऐकणाऱ्याला थाप वाटेल. पण गिऱ्हाईक म्हणालं, "घरी नासपती आहेत, सोबत काय देता?" की नंदाचा हात बरोबर हव्या त्या चकतीवर जातो. तिला चवी आठवतात. लग्न होऊन इथं आली तेव्हा ती चीजवर अशी तुटून पडायची की नवरा, शशिधर, म्हणायचा, "तुला जर्मनीत मी नाही, इथल्या गाईंनी आणलंय." त्या दोन-तीन वर्षांत जिभेनं जे साठवलं, त्यावर बाईनं सगळी नोकरी निभावली.

न खाण्याचं कारण तिनं सगळ्यांना एकच सांगितलं होतं, डॉक्टरांची मनाई आहे. डॉक्टरचं नाव निघालं की इथला माणूस पुढं विचारत नाही.

या हिवाळ्यात एसरबाईंनी अमेरिकेतली मुरलेली चीज मागवली. विस्कॉन्सिनचं कैक वर्षं मुरवलेलं चेडर, व्हरमाँटचं कापडात बांधलेलं चेडर आणि कॅलिफोर्नियाचं, बाहेरून कोको चोळलेलं ड्राय जॅक. कोलोनकरांच्या लेखी अमेरिकन चीज म्हणजे बर्गरमधला पिवळा चौकोन, त्यामुळे नुसतं नाव ऐकूनच लोक नाक मुरडत होते.

"आल्झो, तर मग नंदा," एसरबाई म्हणाल्या, "शुक्रवारी लोकांना चाखायला बोलावू. कशाबरोबर काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. जानेवारीपासून मी घरी बसणार. दुकान कुणाच्या हाती द्यायचं ते मला बघायचंय."

दुकान नंदाला हवं होतं, मनापासून हवं होतं. पण ही चीज तिच्या जिभेला कधी भेटलीच नव्हती. तिनं वास घेतला, चिमटीत चुरून पाहिलं. तेवढ्यानं जोडी जमत नाही.

तिन्ही तुकडे घरी आणून तिनं लेकीपुढे, कुहूपुढे, ठेवले. "खाऊन सांग."

कुहू एकोणीस वर्षांची, फार्मसी शिकते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती म्हणाली, "तू चहात दूध घालतेस, श्रीखंड खातेस. मग चीजच कशी चालत नाही? आई, खरं सांग."

नंदानं खरं सांगितलं. कुहू दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि काचेच्या पेटीत होती. डॉक्टर धीर द्यायचे, पण नजर चुकवायचे. आपल्याकडच्या बायका काशीला जाऊन एखादी आवडती भाजी, एखादं फळ सोडून येतात. काशी लांब होती. नंदानं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्येच हात जोडले आणि सगळ्यात आवडीचं होतं ते सोडलं. हिला ठेव, मी पुन्हा जिभेवर ठेवणार नाही, म्हणाली.

मग चीजच्याच दुकानात नोकरी कशाला धरली? मिळाली म्हणून, असं ती सांगते. सोडलेली वस्तू रोज समोर असली म्हणजे सोडल्याचा विसर पडत नाही, हेही मनात असणारच.

कुहू लालबुंद झाली. "मला मशीननं वाचवलं. डॉक्टरांनी, नर्सनी. हे असलं मी मागितलं होतं तुझ्याकडे? आत्ता खा. माझ्यासमोर खा."

"असेल, मशीननंच वाचवलं असेल," नंदा म्हणाली. "पण खाऊन मी बघणार नाही. तुझ्यावर प्रयोग नाही करायचा मला."

दार आपटून कुहू आत गेली. पोरीच्या डोक्यावर उगाच ओझं ठेवलं म्हणून नंदाला लाज वाटली. दुकान गेलं तर गेलं, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिला रडू आलं, कारण तसं तिला अजिबात वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळानं कुहू बाहेर आली. सुरी घेऊन तिनं एक तुकडा तोंडात टाकला. "वुर्त्सिग," म्हणाली.

"म्हणजे काय? मसालेदार? कसला मसाला? मला कळेल असं सांग."

कुहूनं कपाट उघडून डबे ओट्यावर मांडले. चीज चाखायची, घोटभर पाणी प्यायची आणि एकेका डब्यात बोट घालून चाटायची. विस्कॉन्सिनच्या वेळी ती गुळाच्या डब्यापाशी थांबली. "हे. पण करपलेलं. आणि मधेच मीठ कचकचतं." ड्राय जॅकला तिनं भाजलेलं सुकं खोबरं दाखवलं. व्हरमाँटला म्हणाली, "मुळा. न धुतलेला." आपण मराठीत बोलतोय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. नंदा डोळे मिटून ऐकत होती आणि जोड्या लावत होती. गुळकट चेडरला काळ्या पावावर इथली बिटाची काकवी, खोबऱ्याच्या चवीला नासपती, मुळ्याला आंबट सफरचंद.

शुक्रवारी लोक नाकं मुरडत आले आणि पुडकी बांधून घेऊन गेले. दार लावल्यावर एसरबाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. दुकान तुमचं." आनंदाच्या भरात त्यांनी चेडरचा तुकडा सुरीच्या टोकावर नंदापुढे धरला. "आज एक कण तरी. डॉक्टरला कोण सांगतंय?"

मदतीला आलेल्या, बशा आवरणाऱ्या कुहूनं मध्ये हात घातला.

"ती नाही खाणार," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तिनं हे देऊन मला घेतलंय."