उजवा हात आधी

कोनमावशीकडे मेहंदी काढायला बसलेली बाई पाचव्या मिनिटाला गप्प होते आणि दहाव्या मिनिटाला घरातलं सगळं सांगून मोकळी होते. सासूचं, नवऱ्याचं, न विचारलेलंसुद्धा. लोकांना वाटतं, ही जादू नक्षीची. डोंबलाची नक्षी! मेहंदीचा कोन मावशीच्या उजव्या हातात असतो, पण खरं काम करतो तो डावा, बाईच्या तळव्याखाली दिलेला. वरून गार रेघ हळूहळू सरकते, खालून कुणीतरी आपला हात तोलून धरलेला असतो, आणि तासभर त्या हाताला काही म्हणता काही काम नसतं. एवढ्यानंच माणूस विरघळतं. एक म्हातारी शिक्षिका दर पंधरवड्याला यायची. "बारीक काढ गं, वेळ लागू दे," म्हणायची. तिचा हात धरणारं घरी कुणी उरलं नव्हतं. मावशी मग मुद्दाम रेंगाळायची.

मावशीचा एक नेम होता, उजवा हात आधी. उजवा हात भारी वळवळा. नाक खाजवतो, फोन उचलतो, केस सारखे करतो. त्याला एकदा अडकवलं की बाई जागची हलत नाही. बावीस वर्षांत हा नेम तिच्या अंगवळणी पडला होता.

तिचा नवरा शिंपी. एका सकाळी शिवता शिवता मशीनवरच कलंडला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी बरंच काही समजावलं. मावशीच्या डोक्यात 'हात हलणार नाही' एवढंच राहिलं.

ती खचली नाही. औषधाला जमणार नाही ते हाताला जमेल, अशी तिची पक्की समजूत. रोज कामाला निघण्याआधी ती तासभर खाटेशी बसायची. त्याचा उजवा हात मांडीवर घ्यायची, तेल चोळायची, एकेक बोट मोकळं करायची, नुसत्या बोटानं तळव्यावर वेली काढायची. हलत नाही म्हणजे कळत नाही, असं थोडंच आहे? तो टक लावून बघत राहायचा. मध्येच डावा हात छातीवरून पुढे आणून तिच्या मनगटाशी चाळा करायचा. गिऱ्हाइकांना दटावावं तसं ती त्याला दटावायची, "थांबा हो, एका वेळी एकच हात!" आणि तो हात पांघरुणाखाली खोचून टाकायची. लेक हसायची, "आई, बाबांनाही रांगेत उभं केलंस!"

असे सात महिने गेले.

मग व्यायाम शिकवणारी एक बाई घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं शिंप्याला डोळे मिटायला लावले आणि उजव्या तळव्याला टाचणी टोचली. तो शांत पडून राहिला. डाव्या हाताच्या बोटाला टाचणी नुसती टेकवली, तर त्यानं हात झटकन ओढून घेतला.

"या उजव्या हाताला काहीच कळत नाही, मावशी," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच कळत नसणार."

"पण मी तर रोज..." मावशी त्या हाताकडे बघत म्हणाली.

बाई गेल्यावर तिनं लेकीला हाक मारली. दोघींनी मिळून भिंतीला लागलेली खाट ओढून बाजूला केली. त्या फटीत कशीबशी शिरून मावशीनं पांघरूण उचललं आणि त्याचा डावा हात हातात घेतला.

तो दचकला. मग त्यानं तिचा हात असा आवळला की तिच्या बांगडीचा काठ मनगटात रुतला.

"सांगायचं नाही का हो मला?" ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं की तो रोज सांगत होता.

त्यानं तिचा हात ओढून गालाला लावला आणि तो हमसून हमसून रडला. सात महिने हा माणूस एकटा होता, आणि ती त्याच्या शेजारीच बसलेली होती.