पुसलेलं गाणं

आज द्वारका चौकातल्या सिग्नलला शेजारच्या जीपमध्ये गणपतचं रॅप वाजत होतं आणि मला आमची रेकॉर्डिंगची खोली आठवली. भिंतींना गाद्या, पंखा बंद, घामाचा वास. सुरगाण्याचा गणपत, माझा कॉलेजमधला मित्र, पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं म्हणत होता. त्याची आई हंगामात आमच्याच द्राक्षबागेत मजुरीला यायची. तिला आमच्या घरचे पेला न देता ओंजळीत वरून पाणी ओततात, हे त्या गाण्यात होतं.

"हे नको रे. माझ्या वडिलांनी ऐकलं तर?"

"खोटं हाय का?" त्याने शांतपणे विचारलं.

कॉम्प्युटर माझा होता. मी त्याच्यादेखत गाणं पुसलं.

अल्बम निघाला, तेव्हा आभारांत त्याने पहिलं नाव माझं घातलं होतं. ते मी अजून कुणालाही दाखवलेलं नाही.