आवसंला बघू

गंगाक्काच्या घरातल्या दिव्यानं डोळा मिचकावला की ती मान वर करून त्याला उत्तर द्यायची. "व्हय रं बाबा, बघितलं," म्हणायची आणि पुन्हा मागाकडे वळायची. नव्या माणसाला वाटायचं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. तिच्या जिभेला रिकामं बसायची सवय नव्हती, एवढंच.

वडगावातल्या आमच्या बोळात जवळजवळ घरटी पॉवरलूम. तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. तिकडे साडीचा माग खडखडायचा, इकडे मी ब्लाऊज शिवायची. कुणाचाही माग सुरू झाला की बोळातले दिवे क्षणभर मंदावतात आणि सावरतात. बाहेरचा माणूस घाबरून वायरमनला बोलावेल. आम्ही म्हणतो, लागला कुणाचा तरी माग, आणि कामाला लागतो. जन्मभर असं बघत आलं की दिव्याची भीती म्हणून राहत नाही.

नवरा गेल्यावर गंगाक्कानं माग स्वतः हातात घेतला. मुलगा मच्छे गावातल्या कारखान्यात, सून रेणुका घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरायला. माझ्याकडून एकदा एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचा गळा मोठा कापला गेला. मी रडकुंडीला आले, तर ही म्हणते, "रडतीस कशाला गं? तिला म्हणावं, जरा मान जाड कर." पण मला टायफॉईड झाला तेव्हा रोज पेज घेऊन यायची आणि मी प्याले का, हे वाटी उलटी करून बघायची. मायाही दांडगाईनंच करायची.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या दिव्याचं मिचकावणं बदललं. माग थांबलेला असतानाही दिवा फडफडायचा, मध्येच भगभगीत व्हायचा. माझ्या घरातला दिवा मात्र स्थिर. मीटरच्या बोर्डाजवळ जळका वास यायला लागला.

"आक्का, हे मागाचं न्हवं. वायरीतच कायतरी बिघडलंय," मी म्हटलं.

"दिवा मिचकावतोय म्हंजे करंट हाय की गं! नसता तर मिचकावला असता व्हय?"

तिच्याशी बोलून उपयोग नव्हता. मी सरळ मल्लू वायरमनला घेऊन आले. त्यानं बोर्ड उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. "मेनपासनं सगळी वायर बदलाय पायजे. माग बंद ठेवावा लागंल."

"मग आवसंला ये," गंगाक्का म्हणाली. विणकरांच्यात अमावास्येला माग चालवत नाहीत, त्याची पूजा करतात. बाकीच्या दिवशी ताणा, म्हणजे उभं सूत, चढलेला माग थांबवायचा नाही, हा तिच्या सासऱ्यांनी घातलेला दंडक. तो तिनं नवऱ्याच्या आजारपणातही मोडला नव्हता.

मल्लूनं कानाला हात लावला. "आवसंला मी वायरीला हात लावत न्हाय आक्का. आमचा बा आवसंलाच खांबावरनं पडून गेला. दुसरा कुठलाबी दिवस सांगा."

"दुसऱ्या दिवशी माग बंद ठिवणार न्हाय."

मी दोघांवर ओरडले. तुम्ही नेम पाळत बसा, घर पेटलं म्हणजे कुणाला सांगायचं? गंगाक्का हसली. "इतकी वर्सं न्हाय पेटलं, ते आता पेटतंय व्हय? मिळंल की कोण तरी. आवसंला बघू."

कोण मिळणार होतं? दुसऱ्याला विचारलं, तोही अवसेचं नाव काढताच मागे सरला. अवस आली. मागाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि वर दिवा फडफडतच राहिला. पुढची अवसही तशीच गेली. मला तिचा संताप यायचा. आजही येतो.

पावसाळ्यातल्या एका सकाळी ती धुणं पिळून आत आली. माग चालू होता. अचानक दिवा भगभगला आणि बोर्डातून धूर निघाला. "आत्या, भाईर चला!" रेणुका ओरडली.

"अगं, ताणा जळंल!" म्हणत गंगाक्का ओल्या हातानंच लोखंडी मेनस्विचचा दांडा ओढायला धावली. आतली जळकी वायर स्विचच्या पेटीला टेकून दांड्यातही करंट उतरला होता. रेणुकाची किंकाळी ऐकून मी पोचले, तोवर शेजारच्यांनी वेळूच्या काठीनं तिला बाजूला केलं होतं. आम्ही तिचे तळवे चोळले, हाका मारल्या, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. घराला आग लागलीच नाही. ताण्याचा एक धागासुद्धा जळला नाही.

सुतकात माग बंद असतो. तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली, तर मल्लू कुणी न बोलावता दारात उभा. आत आला. जळका बोर्ड उतरवला, नवी वायर ओढली, नवा मेन बसवला. जेवणवेळेच्या आत सगळं आटोपलं. त्यानं बटण दाबलं आणि दिवा लख्ख लागला. त्या दिव्याकडे बघायची कुणाला हिंमत होईना.

रेणुका चौकटीला टेकून उभी होती. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं वैनी."

"एवढंच काम होतं व्हय?"

मल्लू खाली मान घालून वायरीचे तुकडे गोळा करत राहिला.