राखेआडूनही दिसणारे अक्षर

परळीच्या वीजकेंद्राची राख वाहणारे टँकर आमच्या शाळेसमोरून भरधाव जातात. तेथे सूचनाफलक लावावा म्हणून मी लिहिलेल्या सतराव्या पत्रानंतर बांधकाम खात्याच्या कार्यालयाने एक रंगारी पाठविला. त्याचे नाव मी विचारले नाही. राग अनावर होता.

मंजूर नमुन्यात बारीक, टोकदार अक्षरे होती आणि खाली खात्याचे नाव. या गृहस्थाने तो नमुना घडी करून खिशात घातला आणि रस्त्याकडेच्या कोऱ्या फलकावर एकच शब्द रंगविला: शाळा. अक्षरे साबणाच्या वडीसारखी, जाड, चौकोनी, कोपरे गोलावलेली. प्रत्येक अक्षर झाले की तो दूर चालत जाई आणि तोंडाला बांधलेला मळका रुमाल डोळ्यांवर ताणून त्यातून पाही.

"हे नियमबाह्य आहे! खात्याचे नाव कुठे आहे?" मी कडाडलो.

"काका, डायवर खात्याचं नाव वाचीत बसंल का?" तो म्हणाला. "बारीक अक्षर राखंत बुडतंय. टोकाचा रंग आधी सुटतो. ह्ये रुमालातून दिसलं, म्हंजे राखंतून बी दिसंल."

मी तक्रारीसाठी कागद काढला, तोच शाळा सुटली. मुले रस्त्यावर आली आणि वळणावरून टँकर आला. फलकाच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक करकचले. टँकर थांबला. रंगारी खाली बसून ब्रश धूत राहिला.

त्याच कागदावर मी अठरावे पत्र लिहिले: सदर फलक मंजूर नमुन्याप्रमाणे नाही. तो बदलल्यास मी न्यायालयात दाद मागेन.