मल्लम्माच्या दाराची कडी

तर खातूनबी मल्लम्माच्या उंबऱ्याबाहेर बसलेली, बांगड्यांचं टोपलं गुडघ्याशी, आणि दाराला आतून कडी. काल गोष्ट इथवर आली आणि चहा आला म्हणून राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ, कारण खातूनबी कोण हे कळल्याशिवाय त्या कडीत काही मजा नाही. मजा म्हणायचं तोंडी आहे म्हणून, नाहीतर मजा कसली.

खातूनबी म्हणजे ढोकीच्या अलीकडच्या गावातली बांगड्या भरणारी. नवरा गफार होता तोवर दोघं मिळून सोलापूरहून माल आणायचे. तो गेल्यावर टोपलं तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. बाईच्या हाताला कला अशी, की लोहाराच्या पंज्यासारखा पंजा असला तरी अंगठा आत दुमडून, तळवा चेपून, बोलण्यात गुंतवून काचेची बांगडी अलगद मनगटावर उतरवायची. भरून झालं की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, ती कुणाची का असेना, ही रीत. लिंगपूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी न घेणारी कस्तुराबाईसुद्धा खातूनबीपुढं वाकायची आणि वर म्हणायची, "म्हातारे, जरा पाय तरी धुवून येत जा, आमाला तिथंच डोकं टेकवावं लागतंय."

अशा बाईला सगळ्या गावचे हात पाठ. कुणाच्या बांगड्या धुण्यात वाढल्या, म्हणजे फुटल्या, कुणाच्या भांडणात, हे तिला मनगट हातात घेतल्याबरोबर कळायचं. पण एका दारातलं दुसऱ्या दारात न्यायचं नाही. हा नेम तिच्या सासूनं घालून दिलेला आणि तिनं जन्मभर पाळलेला. म्हणून तर तिला माजघरापर्यंत वाट होती.

कस्तुराबाईची सून मल्लम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. मराठी मोडकं, खातूनबीला "अव्वा" म्हणजे आई म्हणायची. नवरा शिवशरण हंगामात कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. चारचौघांत इतका मऊ, की बायका आपल्या नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या. आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या गावात सगळ्यांत जास्त वाढायच्या. खातूनबी पंधरवड्याला जायची, निळं पडलेलं मनगट तेल लावून चोळायची, बांगड्या भरायची आणि गप उठायची.

अशात आरोही आली. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची, घरातल्या मारहाणीवर अभ्यास करणारी पोरगी. चांगली होती, खोटं कशाला बोला. उन्हातान्हात दारोदार हिंडली आणि प्रत्येक दारात तिला एकच उत्तर मिळालं, "आमच्यात असलं काय न्हाय बाई, पलीकडच्या आळीत इचारा." पलीकडच्या आळीनं तिला परत इकडं पाठवलं.

शेवटी खातूनबीच्या ओट्यावर येऊन बसली. पाणी प्याली आणि रीतसर तिलाही विचारलं, "मावशी, नवऱ्यानं कधी हात उगारला?"

"गफारनं?" खातूनबी हसून हसून बेजार. "अगं, त्यो कोंबडी कापायच्या टायमाला घराबाहेर जाऊन उभा ऱ्हायचा. म्याच कापायची. तुला लिहायचंच असलं तर कोंबडीवर झालेला जुलूम लिही."

आरोहीही हसली. मग म्हणाली, "ज्यांना खरंच त्रास आहे त्या बोलत नाहीत. बोलल्या तर मदत मिळते, मावशी. समुपदेशन असतं, कायदा आहे."

ह्या शब्दावर खातूनबी थांबली. इतकी वर्षं तिच्याकडं चोळायला तेल तेवढं होतं. हिच्याकडं कायदा होता. तिला वाटलं, आता मल्लम्मासाठी काही करू शकणारं माणूस आलं. तिनं नाव घेतलं नाही, नेम मोडला नाही, फक्त टोपलं उचललं आणि म्हणाली, "चल माझ्यासंगं. म्या असल्यावर दारातनं परत धाडणार न्हाईत."

आता आरोहीची कामाची पद्धत ऐका. आधी ओसरीवर, सगळ्यांसमोर, साधे प्रश्न: लेकरं किती, पाणी कुठनं आणता. मग हळूच एक प्रश्न, त्याला नुसती मान हलवली तरी चालायची. मान आडवी हलली की आभार मानून पुढचं घर. उभी हलली की बाईला आत घ्यायचं, दार लावायचं आणि एकटीशी बोलायचं. बाईच्या भल्यासाठीच, कुणी ऐकू नये म्हणून. पुण्यात दार लावलं तर शेजाऱ्याला पत्ता लागत नसेल. इथं दिवसा दार लागतं ते घरचे ऊसतोडीला गेले तर, आणि तेही बाहेरून, कुलपानं. आत माणसं आणि आतून कडी, हे गावानं पाहिलं नव्हतं.

मल्लम्माची मान उभी हलली. आरोहीनं तिला आत नेलं आणि खातूनबीला म्हणाली, "मावशी, तुम्ही इथं बसा. कुणाला येऊ देऊ नका."

खातूनबी बसली. तेवढ्यात कस्तुराबाई गिरणीतून दळण घेऊन आली.

"सरक की."

"जरा थांब, कस्तुराबाई. बाई माहिती घ्यायल्यात."

"माझ्याच घरात मला थांबीवतीस? आत काय बाळंतपण लागलंय?"

आवाजानं आळी गोळा झाली. बंडप्पा, म्हणजे समोरच्या घरातला, तंबाखू मळत आला. त्याला कुठल्याही गोष्टीचा निकाल लावायची भारी हौस. दाराकडं बघितलं, आळीवर नजर फिरवली आणि म्हणाला, "आमच्या हिचं तर उघड्यावरच आटपलं. तुमचंबी, त्यांचंबी. म्हंजे आपल्या बायका पास झाल्या म्हणा, आन् ही एकलीच पेपर लिहीत बसली."

सगळे हसले. कस्तुराबाई हसली नाही. तिनं डोक्यावरचं दळण खाली ठेवलं आणि खातूनबीकडं बघितलं. खातूनबीच्या त्याच क्षणी ध्यानात आलं, की तोंडातून शब्द न काढता आपण दारात बसून मल्लम्माचं सगळ्या आळीला सांगितलं. पण उठावं तर कडी आतून, आणि राखण आपण पत्करलेली. ती बसून राहिली.

आत आरोही मल्लम्माकडून मदतीचा नंबर पाठ करून घेत होती. मल्लम्माला मराठी आकडे धड येत नव्हते, तरी तिनं केला. घरातला फोन शिवशरणच्या खिशात असायचा.

त्या रात्री काय झालं ते कुणी पाहिलं नाही. पंधरवड्यानं खातूनबी नेहमीसारखी गेली तर कस्तुराबाई दारातच उभी. "खातूनबी, शिवशरणनं बाजारातनं धातूच्या बांगड्या आणल्यात. जलमभर वाढायच्या न्हाईत. तुमी आता तरास घेऊ नका." आयुष्यभर अगं-तुगं करणारी बाई पहिल्यांदा तुम्ही म्हणाली. मागं अंधारात मल्लम्मा उभी होती. पदर मनगटाच्या खाली ओढलेला. ती अव्वा म्हणाली नाही.

मग हळूहळू बाकीची दारंही गेली. कुणी भांडलं नाही. "आत्ता नगं," म्हणायचे, बस. भीती एकच, उगीच आपल्याही दारात बसायची, आणि बंडप्पा आपलाही निकाल लावायचा. खातूनबी ढोकीच्या बाजारात तरटावर टोपलं मांडून बसू लागली. तिथं येणाऱ्या बाया आपल्या हातानं बांगड्या चढवून बघायच्या.

पुढच्या सालाला आरोही तिथं तिला शोधत आली. अभ्यास पुरा झालेला, वाखाणलाही गेलेला. मल्लम्माचं बोलणं त्यात होतं, नाव बदलून. गावात काय झालं ते तिला कळलं होतं, आणि तोंड खरोखरच उतरलं होतं. दोनदा मल्लम्माच्या घरी गेली, दोन्ही वेळा कस्तुराबाईनं दारातून परतवली. म्हणाली, "मावशी, अभ्यासात मदत करणाऱ्यांनाही भोगावं लागतं, हे आम्हाला आता लिहायचंय. तुमची मुलाखत घेऊ का? त्रास झालेल्यांमध्ये तुम्हालाही धरू. नाव बदलू."

खातूनबीनं तरटावर तिला जागा करून दिली. एका गिऱ्हाइकाला अडीचच्या मापाच्या हिरव्या बांगड्या बांधून दिल्या. मग जे बोलली ते जसंच्या तसं असं:

"नाव कशाला बदलतीस, ह्या भागात बांगड्या भरणारी खातूनबी एकलीच हाय. पण त्रास झालेल्यांत मला धरू नगं. माझी दारं गेली, पोट हितं भरतंय. मल्लम्माचा हात म्या पंधरवड्याला हातात घ्यायची. शिवशरणला म्हायती असायचं की म्हातारी येणार आन् मनगट बघणार, म्हणून हाड मोडस्तोवर कधी मारलं न्हाय त्यानं. आता बघाया कुणीच जात न्हाय. तू तुझं काम नीट केलंस, म्या उंबऱ्यावर बसून नीट राखण केली, आन् दोघींनी मिळून तिला त्या घरात एकली केली. आदी ते लिही. मंग माझं काय लिहायचं ते लिही."