उलट्या पानाचा खटला

हॉस्पिटलात तिला सगळे 'रिट' म्हणत. विद्यापीठाविरुद्ध रिट याचिका केली म्हणून. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. रिट आली, रिटला विचारा, रिटचा चहा राहिलाय. तीही निमूटपणे "ओ" द्यायची. डोकं फिरलं की ती उलट जास्त नीट वागायची, आणि त्या वर्षी ती सगळ्यांशी फारच नीट वागत होती.

ती भूल देणारी डॉक्टर होती, म्हणजे व्हायची होती. माणसाला झोपवणं सोपं, परत उठवणं अवघड, असं ती आईला सांगायची. आई म्हणायची, "मला तर तुला नुसतं सकाळी उठवतानाच घाम फुटायचा."

आईच्या गावातल्या दवाखान्यात भूल द्यायला कोणी नव्हतं. तिथला सर्जन वर्षअखेरपर्यंत ती जागा हिच्यासाठी धरून बसला होता. पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला की हिनं जायचं, एवढं सरळ होतं सगळं. निकाल लागला आणि ती लेखी परीक्षेत दोन गुणांनी नापास झाली.

हा पेपर चार परीक्षक वेगवेगळे तपासतात आणि चौघांच्या गुणांची सरासरी धरतात. तिघांनी तिला भरभरून गुण दिले होते. चौथ्यानं एका अख्ख्या प्रश्नाला शून्य दिलं होतं. एवढी तफावत असली की पेपर पाचव्याकडे जायचा, असा नियम होता. तो विद्यापीठानं परीक्षा झाल्यावर आणि निकाल लागायच्या आधी गुपचूप काढून टाकला. का, तर निकाल लवकर लागावा. मुलांनी वर्षानुवर्षं रक्त आटवायचं आणि यांना पेपर तपासायचाही कंटाळा!

तिच्या विभागाच्या प्रमुखांना, म्हणजे थोरल्या सरांना, तिच्या रागाचंच नवल वाटलं. केबिनमध्ये नखं कापता कापता ते म्हणाले, "अगं, सहा महिने थांब की. दरवेळी कोणीतरी एक जातोच. दुसऱ्यांदा बसलीस की आपोआप पास होशील. दुसऱ्या वेळी कोणी बघतसुद्धा नाही."

"आणि पहिल्या वेळी बघतात, सर?"

सरांनी नेलकटर खाली ठेवलं. "कोर्टात गेलीस तर या खात्यात तुला कोणी ओळख दाखवणार नाही."

ती त्याच संध्याकाळी मामाकडे गेली. मामा वकील होता. आयुष्यभर त्यानं घरमालक आणि भाडेकरूंची भांडणं चालवली होती. डॉक्टरांच्या परीक्षेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण भाचीचे डोळे बघून त्यानं कोट चढवला.

विद्यापीठाच्या वकिलाचं एकच पालुपद होतं. गुण देणं हे तज्ज्ञांचं काम, कोर्टानं त्यात नाक खुपसू नये. न्यायाधीश बाई वैतागल्या आणि त्यांनी चारही परीक्षकांनी तपासलेल्या प्रती हजर करायला सांगितल्या. प्रती आल्या आणि मामानं ऑफिसातल्या टेबलावर हात आपटला. ज्या प्रश्नाला शून्य होतं, त्याचं पान स्कॅन करताना उलटं पडलं होतं. परीक्षक पेपर कम्प्युटरवर तपासत. पडद्यावर अक्षरं डोक्यावर उभी, आणि पान फिरवायची सोयच नाही. "त्या चौथ्या गृहस्थानं मान वाकडी करायचेही कष्ट घेतले नाहीत," मामा म्हणाला. "खटला खिशात आला, बाळा!"

तिनं प्रत हातात घेऊन पान सुलटं केलं. तान्ह्या बाळाला पाठीच्या कण्याजवळ बधिरतेचं इंजेक्शन कसं द्यायचं, हा प्रश्न होता. उत्तर झकास उतरलं होतं. पण बाळाच्या वजनावरून औषधाचा आकडा मांडताना तिनं तो दहापट मांडला होता. वॉर्डात तिनं अशी चूक कधीच केली नसती. घाईत, शेवटच्या दहा मिनिटांत, हात पुढे गेला आणि डोकं मागे राहिलं. त्या औषधानं बाळाचं हृदय जागच्या जागी बंद पडलं असतं.

चौथ्याच्या प्रतीवर त्या आकड्याभोवती लाल गोल होता. मामाला तो छपाईतला डाग वाटला होता. बाकी तिघांच्या प्रतींवर त्या पानावर ऐटदार बरोबरच्या खुणा होत्या आणि पैकीच्या पैकी गुण.

तिनं त्या लाल गोलावर बोट ठेवलं. "मामा, यानं वाचलंय. न वाचणारे ते तिघं आहेत."

मामानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "हे बघ, कोर्टाला औषध कळत नाही. पान उलटं आहे, एवढं कळतं. उद्या तू फक्त गप्प बसायचंस. तुझ्या आईनं तुझी खोलीसुद्धा झाडून ठेवलीय."

तिनं बरं म्हणून मान हलवली. खोटं कशाला सांगायचं, गप्प बसायचं तिनं मनापासून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या वकिलाचा सूर एकदम मधाळ झाला. चूक त्या एका परीक्षकाची आहे, असं तो म्हणाला. त्यांचे गुण बाद धरू, त्यांना परीक्षक मंडळावरून काढून टाकू, याचिकाकर्तीला पास जाहीर करू, पण पाचव्या परीक्षकाचा विषय कोर्टानं काढू नये. एक बळी देऊन सगळे मोकळे! मामानं खूश होऊन मान डोलावली.

तो चौथा परीक्षक मागच्या बाकावर बसला होता. जाड माणूस, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. विद्यापीठानं त्याला बोलावून घेतलं होतं आणि विचारलं मात्र काहीच नव्हतं. तो पुढे बघत बसला होता, आपल्याबद्दल चाललेलं बोलणं दुसऱ्याच कोणाबद्दल असावं तसा.

ती उठली. मामानं तिची ओढणी खेचली. तिनं ती सोडवून घेतली.

"त्यांचं शून्य बरोबर आहे," ती म्हणाली. "मी लिहिलेल्या औषधानं बाळ मेलं असतं. बाकीच्या तिघांनी पान वाचलेलंच नाही."

विद्यापीठाचा वकील मामाहूनही जास्त चिडला. न्यायाधीश बाईंनी तिला विचारलं, "मग तुमची तक्रार काय उरली?" शून्य बरोबर म्हटल्यावर पाचव्या परीक्षकाचीही गरज उरली नव्हती. याचिका निकालात निघाली आणि ती नापासच राहिली.

बाहेर चौथा परीक्षक जिन्यापाशी उभा होता. तो आभार मानेल, निदान दोन बरे शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"डोस किती?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितला. बरोबर सांगितला.

"हं. तेव्हा कुठे गेलं होतं हे?"

"सर, पान उलटं होतं. वाचलंत कसं?"

"मॉनिटर उलटा केला," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

गावची जागा गेली. सर्जनला दुसरा भूलतज्ज्ञ मिळाला. आई फोनवर रडली नाही, फक्त म्हणाली, "दोन मिनिटं गप्प बसवलं नाही तुला? अख्ख्या जगाची चाड तूच बाळगणार का?" मामा महिनाभर बोलला नाही. थोरल्या सरांनी तर तिला राउंडमध्ये उभं करून सगळ्यांसमोर हात जोडले. तो नमस्कार तिला कानाखाली बसल्यासारखा लागला.

सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली. चौथ्याला परीक्षक मंडळावरून काढलंच होतं. कारण दिलं होतं की त्यांचे गुण इतरांशी जुळत नाहीत. तिचा पेपर उत्तम गेला. पण एका उत्तरात, अगदी मध्यावर, ठळक अक्षरात, तिनं त्याच औषधाचा तोच दहापट आकडा मुद्दाम लिहिला आणि खाली दोन रेघाही ओढल्या.

ती पास झाली. पहिल्या श्रेणीत. पेपरची प्रत मागवली, तर त्या पानावर चौघांच्याही बरोबरच्या खुणा होत्या आणि पैकीच्या पैकी गुण.

थोरल्या सरांनी पाठीवर थाप मारली. "बघ, म्हणालो नव्हतो? उगाच कोर्टात धावलीस." त्या दिवशीही ती फार नीट वागली. थँक यू सर म्हणाली, चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि प्रत घेऊन थेट मामाच्या ऑफिसात गेली.

मामानं ती पानं दोनदा वाचली. आता त्यालाही तो आकडा ओळखू येत होता. मग त्यानं कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"पास झालेलं माणूस कोर्टात आलेलं मी कधी ऐकलं नाही गं," तो म्हणाला. "मागणी काय लिहू?"

"लिही," ती म्हणाली, "मला नापास करा. आणि मला पास करणाऱ्यांनाही."