साहेबांचा सॅमन आणि आमची गणपतीची पाळी

स्मोक्ड सॅमन तळायचा नसतो, हे मला तो रव्यात घोळवून, तळून, खाऊन झाल्यावर कळलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी दुबईत, अल क्वोजमधल्या एका कंपनीत होतो. आम्ही एसीचे सुटे भाग विकायचो. माझे साहेब स्कॉटलंडचे. दरवर्षी सुट्टीत ते आपल्या गावच्या नदीवर सॅमन पकडायला जात आणि येताना ऑफिसातल्या एखाद्यासाठी पाकीट घेऊन येत. त्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं. आत केशरी-गुलाबी मासा, पापडासारख्या पातळ कापांत.

बायकोने वास घेतला. "अहो, याला धुराचा वास येतोय."

"विमानातून आलाय. इंजिनाचा असेल," मी म्हणालो.

मी पडलो मालवणकडचा. माशातलं मला कोण शिकवणार? कच्चा आहे, मीठ-मसाला सढळ हाताने लाव, असं वर सांगितलंही. आधीच खारवलेल्या माशाला तिने बिचारीने पुन्हा मीठ चोळलं. मुलीने एक तुकडा खाल्ला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती संपल्यावरच काढली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, कसा वाटला? "व्हेरी नाइस, सर. व्हेरी क्रिस्पी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या माणसाला सॅमन मुळापासून शिकवला पाहिजे, असं त्यांनी बहुधा तेव्हाच ठरवलं.

पुढच्या वर्षी आमची गणपतीची पाळी होती. आमच्या घराण्याचा गणपती एकच, आणि तो भावकीत पाळीपाळीने फिरतो. ज्याची पाळी त्याने मूर्ती आणायची, पूजेला बसायचं, सगळ्यांना जेवू घालायचं. मागच्या पाळीला मला रजा मिळाली नव्हती, म्हणून चुलतभावाने आमच्या वतीने सगळं केलं. त्यावर त्याची बायको, म्हणजे हिच्या जाऊबाई, फोनवर हिला म्हणाल्या, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुम्हाला कुठे सवड असते." तेवढं एक वाक्य बायकोला पुढच्या पाळीपर्यंत पुरलं.

"या खेपेला आपण नसलो, तर मी त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहणार नाही," तिने सांगून ठेवलं.

अडचण अशी, की मी किंवा साहेब, दोघांतला एकजण ऑफिसात हजर पाहिजेच, असा मालकांचा नियम होता. आणि साहेबांचा नदीवरचा आठवडा नेमका चतुर्थीच्याच आठवड्यात. तिकडे म्हणे नदीचा तुकडा आठवड्याच्या बोलीने आधीपासून बुक करावा लागतो.

मी धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, वन रिक्वेस्ट..." एवढंच बोललो आणि नजर टेबलावरच्या फोटोकडे गेली. फोटोत साहेब कमरेपर्यंत पाण्यात, हातात मोठा सॅमन. नजर गेलेली साहेबांनी पाहिली. झालं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बोललात?"

"सॅमनची मादी नदीच्या तळाशी शेपटीने खड्डा करते," मी सांगितलं, "त्यात अंडी घालते आणि वर गोटे लोटते."

"आणि रजा?"

"आज अंड्यांपर्यंतच झालं."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पिल्लं झाली. त्यांच्या पोटाला जन्मतःच शिदोरीची पिशवी असते आणि ती संपेपर्यंत ती गोट्यांतून बाहेर येत नाहीत. त्यापुढच्या खेपेला पोरं दोन-तीन वर्षं नदीत वाढली, अंगावर चंदेरी रंग चढला आणि समुद्राकडे निघाली.

"पासपोर्ट मिळाला म्हणायचा," बायको म्हणाली. "आता आपलं बघा."

बघणार कसं? साहेब बोलायला लागले की मी मान डोलावतो, हा माझा जन्मजात दोष. शिवाय खोटं कशाला बोलू, मला त्या माशाचं पुढे काय झालं याची उत्सुकता लागली होती. शेवटी बायको म्हणाली, "शुक्रवारी त्यांना जेवायला बोलवा. तुमच्याच्याने व्हायचं नाही."

शुक्रवारी साहेब कराम्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आले. बायकोने सुरमईचं तिखलं केलं होतं. साहेब घामाने निथळले, पण हात थांबला नाही. मी म्हटलं, आता रजेचं काढावं, आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं, "सर, आफ्टर समुद्र, व्हॉट हॅपन्स?"

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान ताटात घातली.

साहेबांना तेच हवं होतं. समुद्रात खाऊन-पिऊन मोठा झालेला सॅमन एक दिवस परत फिरतो, ते म्हणाले. ज्या ओढ्यात जन्मला, तिथल्या पाण्याचा वास ओळखत जातो. धबधबे आले तर उड्या मारून चढतो. नराचा खालचा जबडा वाकडा होतो, आकड्यासारखा. आणि नदीत शिरल्यापासून तो काही खात नाही. घरी पोचून अंडी-पिल्लांची व्यवस्था झाली की बरेचसे तिथेच मरतात, थोडे परत समुद्राला जातात.

मुलगी हे सगळं आईला मराठीत सांगत होती. बायको म्हणाली, "खात नाही तर गळाला लागतो कसा?"

मुलीने विचारलं. साहेबांनी खांदे उडवले. नक्की कोणालाच माहीत नाही, म्हणाले, पण बहुतेक चिडून चावत असावा.

"चिडणारच," बायको म्हणाली. "घरी चाललेल्याच्या तोंडासमोर कोणी काहीतरी नाचवत राहिलं तर." मग तिने साहेबांना भात वाढला आणि मुलीला म्हणाली, "विचार त्यांना, त्या माशाला रजा कोण देतं?"

मी म्हणालो, "हे नको विचारूस." पण आमची मुलगी दुबईच्या शाळेतली. "मम्मी इज आस्किंग, हू गिव्हज द फिश लीव्ह?" एवढ्यावर थांबावं की नाही? "अॅक्चुअली पप्पा वॉन्ट्स लीव्ह फॉर गणपती. ही इज स्केअर्ड ऑफ यू."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी मला तारखा विचारल्या. मी सांगितल्या. त्यांनी खिशातली डायरी उघडली, आणि मी घाईघाईने म्हणालो, "नो, नो, सर. यू गो. फिश इज वेटिंग."

बायकोने सोलकढीची वाटी माझ्यापुढे सरकवली. "घ्या," ती म्हणाली. "आणि तोंडातच ठेवा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं मराठी त्यांना कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्यांनी विचारलं, तुम्हाला शेवटचं घरी जाऊन किती दिवस झाले? मी बोटांवर मोजायला लागलो, तर मध्येच म्हणाले, राहू दे. सॅमन ऑक्टोबरातही येतो, तेव्हा पाणी जरा जास्त थंड असतं, एवढंच. त्या आठवड्याला माझा भाऊ जाईल. "खलास," असा तिकडच्या अरबीत विषय संपवून त्यांनी पुन्हा चमचा उचलला.

त्यांना गाडीपर्यंत सोडून मी वर आलो. बायको ओटा पुसत होती.

"मला जरा वाईटच वाटतंय गं," मी म्हणालो. "वर्षभर वाट बघतात ते. माझ्यापायी थंडगार पाण्यात उभे राहणार."

"मग तुम्ही थांबा ना इथे," ती म्हणाली. "मी आणि मुलगी जाऊन येतो. आरत्या मला तुमच्यापेक्षा बऱ्या येतात."